आजीचा कागद आणि कोहेनांचं घर

वाचकाचं पत्र

आदरणीय ताई, शालोम. आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. माझं माहेर पेणचं, सासर अलिबाग तालुक्यातलं. मुलगी इस्रायलमध्ये अश्दोदला नोकरी करते. तिचं तिथल्या एका मुलाशी जमलंय. मुलगा चांगला, घरही चांगलं. आडनाव कोहेन. त्याचे आजोबा ट्युनिशियातल्या जेर्बा बेटावरून आलेले. सगळं जुळत आलं आणि मुलाच्या आईने माझ्या मुलीला विचारलं, ‘तुझ्या आईची आई कोण, वडिलांची आई कोण?’ माझ्या सासूबाई जन्माने हिंदू, शेजारच्या गावातल्या शेतकरी घरातल्या. लग्नाआधी त्यांचा तेविला, म्हणजे धर्म स्वीकारताना पाण्यात बुडी मारायचा विधी, झाला, नाव सारा ठेवलं, असं घरात सगळे सांगतात. पण कागद सापडत नाही. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आमचे मिस्टर चिडलेत. म्हणतात, १९६४ साली हे सगळं मिटलं होतं, आता पुन्हा कशाला? माझा भाऊ म्हणतो, डीएनए टेस्ट करा आणि रिपोर्ट त्यांच्यापुढे टाका. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, मुलीने तिथे पुन्हा एकदा तेविला करून घ्यावा, विषय संपेल. आणि शेजारीण विचारते, तुमच्यात धर्म आईकडून येतो ना, मग बापाच्या आईची चौकशी कशाला? मला उत्तर देता आलं नाही. आपल्यात कोहेन का नसतात तेही मला माहीत नाही. होणाऱ्या विहीणबाईंना मी काय सांगू?
— ठाण्याची एक आई

उत्तर

शालोम ताई,

तुमच्याकडे सल्ला देणाऱ्यांची कमतरता नाही. त्यात सगळ्यात नेमका प्रश्न शेजारीणबाईंनी विचारलाय आणि सगळ्यात घातक सल्ला त्या ओळखीच्या गृहस्थांनी दिलाय. मुलीला आजच फोन करा आणि सांगा, कुणीही काहीही म्हणो, तेविलाच्या वाटेला जायचं नाही. का, ते ओघात येईलच.

आधी तुमच्या मनातली मोठी भीती काढून टाकू. तुमची मुलगी यहुदी आहे. ती तुमच्या पोटची, तुम्ही तुमच्या आईच्या पोटच्या, आणि दोघी पेणच्या बेने इस्रायल घरातल्या. या हिशेबात सासूबाईंचा संबंधच येत नाही. इस्रायलचा परतीचा कायदा १९५० चा. त्यात १९७० साली व्याख्या घातली ती हीच: यहुदी आईच्या पोटी जन्मलेला किंवा धर्म स्वीकारलेला, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. त्याच दुरुस्तीने यहुद्याच्या मुलाला आणि नातवंडालाही इस्रायलला येऊन राहायचा हक्क दिला, मग तो यहुदी बापाकडून असो की आजोबांकडून. त्यामुळे तिथे असे पुष्कळ लोक आहेत जे नागरिक आहेत, सैन्यात जातात, पण लग्न नोंदवायला गेले की राबानूत, म्हणजे तिथलं सरकारमान्य धर्मपीठ, त्यांना यहुदी धरत नाही. तुमची लेक त्यांच्यातली नाही. एखाद्या साध्या इस्रायल, म्हणजे पुरोहितवंश नसलेल्या, घरातला मुलगा तिने निवडला असता तर वडिलांच्या आईवरून गोष्ट अडली नसती.

पण तिने निवडला कोहेन, पुरोहितांच्या वंशातला.

आता शेजारीणबाईंचा प्रश्न. धर्म आईकडून हे अर्धंच खरं आहे. इसवी सन २०० च्या सुमारास मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथाचं संकलन झालं. त्यातल्या किद्दुशीन या भागाच्या तिसऱ्या अध्यायात हा हिशेब एका दमात मांडलाय. लग्न धर्माप्रमाणे लागतं आणि त्यात काही निषिद्ध नाही, तिथे मूल बापाच्या घराण्याचं: कोहेन, लेवी की साधा इस्रायल, हे बापावरून ठरतं. लग्न लागतं पण ते निषिद्ध आहे, उदाहरणार्थ कोहेनने घटस्फोटितेशी केलेलं, तिथे मूल ज्या बाजूला उणेपणा आहे त्या बाजूने मोजलं जातं. आणि आई यहुदी नसेल तर धर्माप्रमाणे लग्न लागतच नाही, तिथे मूल आईचं. म्हणजे माणूस यहुदी आहे का, हे आई सांगते. यहुद्यांमध्ये कोणत्या घराण्याचा, हे बाप सांगतो. शेजारीणबाईंना गोत्राचं उदाहरण द्या, चटकन कळेल. फरक एवढाच सांगा, की गोत्र लग्नानंतर बदललं असं मानतात, कोहेनाची लेक मात्र सासरी गेली तरी कोहेनाचीच लेक असते. तिचा नवरा साधा इस्रायल असला तरी तिच्या पहिल्या मुलाचं पिद्योन हाबेन, म्हणजे कोहेनला पैसे देऊन मुलगा सोडवायचा विधी, करावं लागत नाही. मात्र ते कोहेनपण ती मुलाला देऊ शकत नाही.

हे सगळीकडे असंच चालतं असं नाही, हेही माहीत असू द्या. कराइत पंथाचे यहुदी पूर्वीपासून बापाकडून मोजतात. अमेरिकेतल्या रिफॉर्म पंथाने १९८३ साली ठराव केला, की आईबापांपैकी कुणीही एक यहुदी असेल आणि मूल तसं वाढवलं असेल तर ते यहुदी. पण तुमची गाठ जेर्बाच्या कोहेनांशी आणि इस्रायलच्या राबानूतशी आहे. तिथे यातलं काहीच कामाला येणार नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कोहेन म्हणजे फक्त एक आडनाव असंच पाहिलेलं असतं, म्हणून दोन शब्द. मोशेचा भाऊ आरोन, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, अशी बापाकडून उतरत आलेली ओळ म्हणजे कोहेन. आरोनचं ज्या टोळीत घराणं त्या लेवीच्या बाकीच्या वंशजांना लेवी म्हणतात. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा बलिदानाचं काम कोहेन करायचे. त्यांच्या २४ पाळ्या होत्या. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, काम गेलं, पण मान राहिला. तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, वाचायला पहिला कोहेनला बोलावतात, दुसरा लेवीला, मग बाकीचे. कोहेन उभे राहून लोकांना आशीर्वाद देतात, त्याआधी लेवी त्यांच्या हातावर पाणी घालतात. कोहेनांच्या थडग्यावर पसरलेले दोन हात कोरलेले दिसतात, लेवींच्या थडग्यावर पाण्याचा घडा.

मानाबरोबर बंधनंही आली आणि तोरातल्या लेवीय या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात ती लिहून ठेवलीत. कोहेनने प्रेताजवळ जायचं नाही. अपवाद फक्त आईबाप, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ आणि लग्न न झालेली बहीण. या यादीत सासू नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा. आपल्या कुणाच्या मातीला हा जावई कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभा राहिला तर राग मानायचा नाही. दुसरं बंधन लग्नाचं. घटस्फोटित बाईशी कोहेन लग्न करू शकत नाही. धर्मपंडितांनी लावलेल्या अर्थाप्रमाणे धर्म स्वीकारून आलेल्या बाईशीही करू शकत नाही. घटस्फोट झालेली स्वतःचीच बायकोसुद्धा त्याला परत करता येत नाही.

आता ते गृहस्थ. ‘पुन्हा एकदा तेविला’ हा उपाय त्यांनी ऐकीव गोष्टीवरून सांगितला असणार. एखाद्याच्या यहुदी असण्यावर शंका असली की काही धर्मगुरू म्हणतात, खात्रीसाठी धर्मप्रवेशाचा विधी करून टाका, कागद स्वच्छ होईल. साठच्या दशकात आपल्या लोकांनाही ते सुचवलं गेलं होतं आणि आपल्या लोकांना तो अपमान वाटला, वाटायलाच हवा होता. साध्या नवऱ्याच्या बाबतीत त्याने प्रश्न सुटतो तरी. पण इथे नवरा कोहेन. तुमच्या जन्माने यहुदी असलेल्या मुलीने विनाकारण असा विधी केला, तर तिच्या नावापुढे धर्म स्वीकारलेली अशी नोंद होईल आणि नेमकी तीच नोंद कोहेनला चालत नाही. नसलेली अडचण पैसे भरून विकत घेतल्यासारखं होईल ते.

मग सासूबाई कुठे येतात? नीट वाचा, कारण सगळा गुंता इथे आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो.

सासूबाईंचा तेविला योग्य रीतीने झाला होता असं मानलं, तर त्या यहुदी झाल्या, त्यांच्या पोटी आलेले तुमचे मिस्टर यहुदी, आणि तुम्हां दोघांची मुलगी कोहेनशी लग्न करायला पूर्ण मोकळी. धर्म स्वीकारलेल्या बाईला कोहेन वर्ज्य, तिच्या नातीला नाही. पण तो तेविला झालाच नव्हता किंवा मान्य झाला नाही असं धरलं, तर राबानूतच्या लेखी तुमचे मिस्टर जन्माने यहुदी ठरत नाहीत. मुलगी तरीही यहुदीच, कारण तुम्ही. मात्र आई यहुदी आणि बाप यहुदी नाही अशा मुलीशी कोहेनने लग्न करू नये, असा संकेत धर्मपंडितांनी घालून दिलाय आणि इस्रायलमधले लग्न नोंदवणारे तो पाळतात. घटस्फोटितेइतकी ही बंदी कडक नाही. असं लग्न होऊन गेलं असेल तर ते मोडायला लावू नये, असं अनेक पंडितांचं मत आहे. पण होण्याआधी विचारलं तर उत्तर नकाराकडे झुकतं.

म्हणजे होणाऱ्या विहीणबाईंनी विचारलेल्या दोन आज्यांपैकी एकीवर मुलीचं यहुदी असणं उभं आहे, आणि दुसरीवर फक्त हे एक लग्न.

त्यांनी विचारलं म्हणून त्या आगाऊ ठरत नाहीत. कोहेनच्या घरात आईकडून-बापाकडून मागच्या बायकांची चौकशी करायची रीत मिश्नाइतकी जुनी आहे; किद्दुशीनच्या चौथ्या अध्यायात कुठल्या आज्या-पणज्या पाहायच्या त्याची मोजदादच दिली आहे. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस स्वतः पुरोहित घराण्यातला. तो सांगतो की इजिप्त-बाबिलोनमध्ये राहणारे कोहेनसुद्धा लग्न ठरवताना बायकोचं नाव आणि तिच्या पूर्वजांची नावं जेरुसलेमला कळवत, आणि युद्धं झाली की उरलेले पुरोहित जुन्या नोंदींवरून नव्या याद्या करत. पुढे मंदिर गेलं आणि त्या याद्याही गेल्या. बाराव्या शतकात धर्मपंडित रामबाम, म्हणजे मैमोनिदेस, सरळ लिहितो की आपल्या काळचे कोहेन हे परंपरेने मानलेले कोहेन आहेत. वडील आशीर्वादाला उभे राहत, आजोबा राहत, गावाने कधी हरकत घेतली नाही, म्हणून हा कोहेन. याला हजाका म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, तुमच्याही उपयोगाचा आहे.

मुलगा खरंच कोहेन आहे का, हे तपासा, असं मी एरवी सांगितलं असतं. नुसत्या आडनावावरून काही ठरत नाही. कोहेन असून आडनाव वेगळं असलेले हजारो आहेत, कात्झ आडनावाचे बहुतेक कोहेन निघतात आणि सेगल आडनावाचे लेवी. एखाद्याच्या आजीचा पहिला घटस्फोट कुणाला माहीत नसतो, तो कळला की त्या मुलाचं कोहेनपणच गळून पडतं आणि प्रश्नच मिटतो. इस्रायलमध्ये वकील ही वाट खरोखर चोखाळतात. पण जेर्बा! त्या बेटावर हारा सगीरा नावाची वस्ती होती, ती जवळजवळ सगळी कोहेनांची. तिथली दंतकथा अशी की मंदिर पडल्यावर पुरोहित पळून तिकडे गेले आणि त्यांनी बरोबर नेलेला मंदिराचा एक भाग तिथल्या ग्रीबा या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, बसवला. दंतकथा खरी असो-नसो, आपण आरोनचे, ही खात्री त्या लोकांच्या हाडात मुरलेली आहे. त्या घरात जाऊन ‘तुम्ही कोहेन कशावरून’ म्हणायचा सल्ला मी देणार नाही.

आता भाऊसाहेबांची टेस्ट. त्यांनी कुठेतरी वाचलं असेल आणि ते खोटं नाही. १९९७ साली ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. हैफाचे डॉक्टर कार्ल स्कोरेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोहेन पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं होतं. ते फक्त बापाकडून मुलाकडे जातं, कोहेनपणासारखंच. युरोपातले आणि पूर्वेकडचे कोहेन शेकडो वर्षं वेगळे राहिलेले, तरी त्यांच्यात सारखेपणा दिसला. पुढच्या वर्षीच्या निबंधात सुमारे निम्म्या कोहेनांमध्ये एकच ठरावीक नमुना सापडला. निम्म्या. म्हणजे उरलेले निम्मे कोहेन नव्हेत असं नाही, आणि तो नमुना असलेला प्रत्येक जण कोहेन असंही नाही. आपल्या समाजावरचा एक मोठा अभ्यास २०१६ साली आला, त्यात बेने इस्रायलांमध्ये मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि भारतीयांचा, दोन्हीकडचा वारसा ठळकपणे दिसला. ज्यांना पुरावा लागतो त्यांना तो आवडला, मला माझ्या आजीने सांगितलं होतं त्यापेक्षा नवं त्यात काही नव्हतं.

पण या भांडणात त्याचा उपयोग शून्य. मुलीला वाय गुणसूत्रच नाही. आईकडून जो धागा येतो तो तिला तुमच्याकडून मिळालाय, तिच्या बाबांच्या आईकडून नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: सासूबाई जन्माने कोण होत्या हे आपण लपवतच नाही आहोत. त्यांनी धर्म स्वीकारला का, हा प्रश्न आहे, आणि तो कुठल्याही थुंकीच्या नळीत सापडत नाही. भावाला सांगा, पैसे वाचवा आणि रविवारी माझ्याबरोबर कबरस्तानात चला.

खरंच. कामाला तिथूनच लागायचं आहे.

सासूबाईंचं थडगं कुठे आहे, अलिबागला की ठाण्याला? यहुदी कबरस्तानात त्यांना जागा मिळाली हीच पहिली साक्ष. दगडावरच्या मराठी ओळी सोडा, हिब्रू ओळ वाचून घ्या. धर्म स्वीकारलेल्या बाईच्या बापाचं नाव लिहीत नाहीत, तिला अब्राहामची लेक म्हणतात. ‘सारा बात अब्राहाम’ असं कोरलेलं सापडलं तर फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, अक्षरं ओली करून.

त्याहून वजनदार कागद म्हणजे सासू-सासऱ्यांचा केतुबा, लग्नाचा करारनामा. घरात नसेल तर ज्या सिनेगॉगमध्ये लग्न लागलं तिथल्या नोंदवहीत पाहा. तुम्ही तेविलाचा कागद शोधताय म्हणून तो मिळत नाहीये. तसा वेगळा कागद त्या काळी आपल्याकडे केलाच असेल असं नाही. पण केतुबात वधूचं नाव लिहावंच लागतं, आणि वधू धर्म स्वीकारून आली असेल तर लिहिणारा ‘गियोरेत’ हा शब्द घालतो. सासूबाईंच्या केतुबात तो शब्द असेल, तर लग्न लावणाऱ्याने आणि साक्षीदारांनी त्यांना धर्म स्वीकारलेली म्हणूनच उभं केलं, हे सिद्ध होतं. नुसतं ‘बात अब्राहाम’ एवढ्यावर विसंबू नका, अब्राहाम नावाचे बाप आपल्यात काही कमी नाहीत.

नावं शोधताना डोळे उघडे ठेवा. १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधणारे दिवेकर सॅम्युएल इझिकेल म्हणून माहीत आहेत आणि सामाजी हसाजी म्हणूनही. आपल्या जुन्या माणसांचं सातबाऱ्यावर एक नाव, सिनेगॉगात दुसरं. सासऱ्यांच्या नोंदी दोन्ही नावांनी चाळा. आडनावही दगा देतं, कारण पेणकर, किहीमकर, रोहेकर ही गावं आहेत. एकाच गावाचं आडनाव लावणाऱ्या दोन घरांचं नातं असेलच असं नाही.

तारखेकडे विशेष लक्ष द्या. तेविला तुमच्या मिस्टरांच्या जन्माआधीचा असायला हवा, नंतरचा नव्हे. लग्नच त्यानंतर झालं असेल तर चिंता नाही. ‘मिकवे (विधीचं कुंड) नव्हतं, समुद्रात बुडी मारून केलं’ असं कुणी म्हातारी म्हणाली तर घाबरू नका, समुद्र त्या विधीला चालतो. विचारायचं ते हे: त्या वेळी हजर कोण होतं? तीन जाणते यहुदी पुरुष होते का? आपल्याकडे धर्मन्यायालय नव्हतं, रब्बी नव्हते, लग्नं लावणारे काझी आणि प्रार्थना चालवणारे हझान होते, आणि राबानूत नेमकं तिथेच बोट ठेवेल. म्हणून गावातली, नात्यातली जी वयस्कर माणसं अजून आहेत त्यांच्याकडे आधी जा. त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, सही घ्या, मोबाइलवर बोलणंही घ्या. कागद उद्याही मिळेल. ही माणसं उद्या असतील असं नाही.

आणि मिस्टरांचा स्वतःचा हजाका आहे, तोही मांडा. त्यांची सुंता कुणी केली, तोरा वाचायला त्यांना कुठल्या नावाने बोलावत, तुमच्या लग्नाच्या केतुबावर काय लिहिलंय. आयुष्यभर एका समाजाने माणसाला यहुदी म्हणून वागवलं, त्याला मिन्यानमध्ये, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत, मोजलं, हे धर्मन्यायालयापुढे हवेतलं बोलणं ठरत नाही. एवढं करूनही निकाल काय लागेल याची हमी मी देत नाही. ते तिथले न्यायाधीश ठरवतील आणि प्रत्येक न्यायालयाची तऱ्हा वेगळी असते. मुलीने एकटीने राबानूतच्या खिडकीवर जाऊन ‘माझी आजी हिंदू होती’ एवढंच बोलून येऊ नये. आधी धर्मन्यायालयात काम करणारा वकील गाठावा. इतिम नावाची संस्था अशा प्रकरणांत मदत करते, तिथेही विचारावं.

मिस्टरांच्या रागाबद्दल. तो राग मी समजू शकते. १९६१-६२ मध्ये राबानूतने आपल्या लग्नांना तत्त्वतः मान्यता दिली आणि लगेच नोंदणी करणाऱ्यांना फर्मान काढलं की बेने इस्रायल आला की त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. फक्त आपल्याच लोकांची. आपली माणसं रस्त्यावर उतरली, जेरुसलेमला ठाण मांडून बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, जाहीर केलं की बेने इस्रायल सर्व बाबतीत यहुदी आहेत, आणि राबानूतला त्या फर्मानातून आपलं नाव काढावं लागलं. हा आपला विजय होता आणि तो घरात सांगितलाच पाहिजे. पण जे मिटलं ते हे, की ‘बेने इस्रायल’ आहेस म्हणून तुझ्यावर संशय, असं चालणार नाही. ‘तुझी एक आजी बाहेरून आली होती का’ हा प्रश्न जेर्बाचे कोहेन मोरोक्कोच्या मुलीलाही विचारतील, पोलंडच्याही. मिस्टरांना जखम जुनी आहे म्हणून वार तोच वाटतोय.

खरं सांगायचं तर या विषयात आपणही धुतल्या तांदळाचे नाही. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद आपल्यातच होता, आणि ‘काळे’ कुणाला म्हणायचे? बाहेरच्या बायकांपासून झालेल्या मुलांना. एका ताटात जेवण नाही, सोयरीक नाही. तुमच्या सासूबाईंना त्यांच्या सुनेच्या दिवसांत हे किती सोसावं लागलं असेल, ते मिस्टरांना विचारून पाहा एकदा.

आपल्यात कोहेन का नाहीत? आपली कथा नवगावच्या फुटलेल्या जहाजाची, वाचलेल्या सात जोडप्यांची. त्या सातांत कुणी आरोनचा होता अशी आठवण आपल्यात उतरली नाही. शेमा ही प्रार्थना आठवली, शब्बाथ आठवला, सुंता आठवली. तेल गाळायचं पण शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. मंदिरच नाही तिथे पुरोहिताची वेगळी ओळ टिकवायची गरज कुणाला वाटली असेल? म्हणून आपल्या सिनेगॉगमध्ये कोचीनचा किंवा बगदादी पाहुणा कोहेन नसेल तर पहिला मानही साध्या इस्रायललाच जातो, आणि तसं करायला शास्त्राची मुभा आहे. वंशाने येणारं पद मात्र आपल्यातही होतं. डेव्हिड राहबी नावाचा जाणता यहुदी कोकणात आला, त्याने निवडक माणसांना शिकवलं आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर अशा घराण्यांत काझीपण बापाकडून मुलाकडे चालत राहिलं. लग्न लावायचं, सुंता करायची, तंटे सोडवायचे. कोहेन नव्हते, तरी पुरोहित होते.

सगळे पुरावे गोळा करूनही न्यायालयाने नाही म्हटलं तर? इस्रायलमध्ये १९५३ च्या कायद्याप्रमाणे यहुद्यांची लग्नं धर्मन्यायालयाच्या अखत्यारीत येतात, नोंदणी पद्धतीचं लग्न तिथे नाही. पण १९६३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशात झालेलं लग्न गृहखात्याने नोंदवलंच पाहिजे असा निर्णय दिला. तेही प्रकरण सायप्रसला लागलेल्या लग्नाचंच होतं. तेव्हापासून कित्येक जोडपी सायप्रसला जाऊन येतात. मुलांना काही अडचण नाही, ती तुमच्या मुलीची म्हणजे यहुदीच. पण मुलाला किंमत मोजावी लागू शकते. चालत नाही असं लग्न केलेल्या कोहेनला आशीर्वादाला उभं राहू देत नाहीत, आणि जेर्बाच्या घरात तेवढ्याने सणासुदीला तोंडं फिरू शकतात. ते त्याला झेपणार का, हे तुमच्या मुलीने त्याला आत्ता विचारावं, तिकिटं काढल्यावर नव्हे. तिथे तुम्ही मध्ये पडू नका.

मला या सगळ्या प्रकरणात बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकातला दुसरा अध्याय फार आठवला. बाबिलोनहून लोक परत जेरुसलेमला आले तेव्हा तीन पुरोहित घराणी, हबाया, हक्कोस आणि बर्जिल्लाय, आपल्या वंशावळीचा लेख शोधत राहिली आणि तो सापडला नाही. त्यांना पुरोहितपणापासून दूर ठेवलं, निर्णय होईपर्यंत थांबा म्हटलं. पण समाजातून कुणी काढलं नाही. त्यांची नावं यादीत तशीच आहेत, कागद सापडला नाही या शेऱ्यासकट.

राहिला विहीणबाईंचा फोन. मुलीला मध्ये न घालता तुम्ही स्वतः करा, दुभाषी लागला तर मुलीच्या एखाद्या मैत्रिणीला बसवा. त्यांनी दुसऱ्याकडून ऐकण्याआधी तुमच्याकडून ऐकावं. सांगा की माझी आई पेणची, जन्माने आमचीच. माझ्या सासूबाई जन्माने हिंदू होत्या, त्या आपल्या मर्जीने आमच्यात आल्या, साराच्या नावाने जगल्या, आमच्या कबरस्तानात त्यांची माती आहे, आणि त्यांचा केतुबा मी शोधायला घेतलाय. सापडला की पहिली प्रत तुम्हाला पाठवते. मग त्यांनाही विचारा, तुमच्या सासूबाईंचं माहेर कुठलं? त्यांच्यात हा प्रश्न विचारायचीच रीत आहे, आणि जेर्बाच्या बायका त्याचं उत्तर लांबलचक देतील. ऐकून घ्या सगळं.

केतुबा मिळाला की फोटो मला पाठवा. हिब्रू ओळी मी वाचून देते.